एका पंख्याचा समुद्र

पंख्याला हात लावायचा नाही, या एकाच अटीवर अलकनंदा शोभेच्या माशांच्या दुकानात आली होती.

दिल्लीच्या द्वारकेतल्या त्यांच्या सोसायटीत वीज गेली की जनरेटर सुरू व्हायचा, आणि प्रत्येक फ्लॅटला एक ट्यूब आणि एक पंखा एवढीच वीज मिळायची. त्यापलीकडे जड काही लावलं की फ्लॅटचा मेन स्विच खाली. स्वतःचा इन्व्हर्टर बसवायला बंदी होती. त्याने म्हणे जनरेटर कमिटीचा अपमान होत असे. जून चालू होता, वीज रोज जात होती, आणि तो एक पंखा झोपायच्या खोलीत होता.

"प्रवाळ घ्या, नाहीतर देवमासा घ्या," तिने नवऱ्याला बजावलं होतं. "पंखा माझा."

पद्माकर निवृत्त झाल्या दिवसापासून हटून बसला होता. मधे कितीतरी वर्षं गेली, पण आता घरात पुन्हा समुद्र आणायचा. गोड्या पाण्यातले शोभेचे मासे नकोत, खाऱ्या पाण्यातलं जिवंत प्रवाळ हवं. पूर्वी सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत असताना त्याने समुद्राचं पाणी मुंबईहून कॅनमध्ये भरून राजधानीने आणलं होतं आणि टीसीला गंगाजल म्हणून सांगितलं होतं. मुंबईहून दिल्लीला गंगाजल कोण कशाला नेईल, हा प्रश्न टीसीला पडला नाही. त्याने कॅनला नमस्कार केला. आता देशाने परदेशी मालाला दरवाजे उघडले होते, आणि समुद्र जर्मनीहून बादलीतून, पाण्यात विरघळवायच्या मिठाच्या रूपात येत होता.

"सर, ये लेटेस्ट है," दुकानदार गुलाटी म्हणाला. झाकण उघडून बुडबुडे सोडणारी खजिन्याची पेटी होती ती.

"नहीं चाहिए."

"तो नीली लाइट? ड्रॉइंगरूम एकदम सिंगापूर लगेगा."

"लाइट बाद में. पहले पंप."

अलकनंदा प्लास्टिकच्या स्टुलावर, दाताच्या डॉक्टरकडे बसतात तशी बसली होती. पद्माकर तिच्याकडे वळून म्हणाला, "अगं, दिवे गेले तर चार तास प्रवाळांना काही होत नाही. पण पाणी हलायचं थांबलं की गुदमरतात."

"मलाही पंखा थांबला की तसंच होतं," ती म्हणाली.

गुलाटीने काउंटरवर दोन पंप ठेवले. एक लिंबाएवढा, दुसरा सोललेल्या नारळाएवढा. पद्माकरने दोन्हींवरचे वॅटचे आकडे चष्मा कपाळावर सरकवून वाचले, मनाशी त्यांत पंख्याची बेरीज केली आणि लिंबू उचललं.

"सर, कोरल के लिए ये कम पड़ेगा," गुलाटी म्हणाला. माल विकायचा होता, पण त्याला खरं बोलायचीही खोड होती. "इस में मछली जी लेगी. कोरल को बहाव चाहिए."

"बड़ावाला पंखे के साथ नहीं चलेगा."

"तो पंखा बंद कर दीजिए."

"वो नहीं होगा," पद्माकर इतक्या ठामपणे म्हणाला की गुलाटीने स्टुलाकडे एक चोरटी नजर टाकली आणि विषय सोडून दिला.

तेवढ्यात वीज गेली.

दुकानात इतका वेळ घरघर चालू होती हे अलकनंदाला ती थांबल्यावर कळलं. भिंतीभर मांडलेल्या सगळ्या टाक्या एकदम गप्प झाल्या. "एक मिनट, जनरेटर चलाता हूँ," म्हणत गुलाटी बाहेर पळाला. फुटपाथवर त्याने दोरी ओढायला सुरुवात केली. जनरेटर खोकायचा आणि बंद पडायचा.

काचेतून येणाऱ्या उजेडात तिला पद्माकर पाठमोरा दिसला. तो प्रवाळाच्या टाकीवर वाकला होता. इस्त्रीची बाही न दुमडता, घड्याळासकट त्याने हात कोपरापर्यंत पाण्यात घातला होता, आणि तो पाणी ढवळत होता. सावकाश, एका लयीत. पिठल्यात गुठळी होऊ नये म्हणून ढवळतात तसा.

"अहो," ती म्हणाली.

त्याला ऐकू गेलं नाही.

ही पाठ तिने आधी पाहिली होती. सरोजिनी नगरमध्ये वीज गेली त्या दिवशी तो दुपारभर असाच वाकून उभा होता. उजवा हात भरून आला की डावा. ऑफिसातून फोन आला तेव्हा साहेब आंघोळीला गेलेत, असं तिनेच सांगितलं होतं. दुसऱ्यांदा आला तेव्हाही तेच सांगितलं. संध्याकाळी वीज आली, पण ढवळण्यासारखं त्या पाण्यात काही उरलं नव्हतं.

बाहेर जनरेटर एकदाचा धडधडला. टाक्या पुन्हा घरघरू लागल्या. पद्माकरने हात बाहेर काढला, ओली बाही पिळली, आणि आपण दुकानात आहोत हे त्याच्या लक्षात आलं. तो थोडा ओशाळला. मग त्याने घसा साफ केला.

"छोटावाला पैक कीजिए," तो गुलाटीला म्हणाला.

"बड़ावाला," स्टुलावरून अलकनंदा म्हणाली.

गुलाटीने मोठा पंप उचलला. लग्नाला वीस वर्षं झालेला माणूस होता. आदेश कोणाचा पाळायचा हे त्याला सांगावं लागलं नाही.

"अगं, हा लावला तर पंखा बंद ठेवावा लागेल."

"माहीत आहे."

"जून आहे."

"तेही माहीत आहे." ती उठली, पर्समधून रुमाल काढला आणि त्याच्या ओल्या मनगटावर दाबून धरला. "हात आता मोकळा राहील ना तुमचा? मग त्याने मला वारा घाला."