सहाव्या दिवसाची मोजणी

"नाही टीचर, या घरी मूल मिळायचं नाही," म्हणत प्रसीताने दोघींपुढे काळा चहा ठेवला.

तंकमणी टीचर पायरीवरच बसल्या. सकाळपासूनचं हे अकरावं घर. सोबत शिजिना, गावच्या शाळेतली सगळ्यात नवी शिक्षिका. शाळा उघडली की सहाव्या दिवशी शिक्षण खात्याचे साहेब येऊन डोकी मोजतात. ती मोजणी उद्या होती आणि पहिलीत एक मूल कमी पडत होतं. ते मिळालं नाही, तर शिजिनाची नोकरी गेली म्हणून समजा.

पोरं गोळा करत दारोदार फिरणं टीचरना नवं नव्हतं. तरुणपणी त्यांनी स्वतःची नोकरी अशीच वाचवली होती. त्यात घर न् घर ओळखीचं झालं आणि पक्षाने ते बरोबर हेरलं. आधी पंचायतीच्या अध्यक्ष, मग दोनदा तिरुवनंतपुरमच्या विधानसभेत आमदार. दारं तीच, मागणं तेवढं बदललं. आता गुडघे बोलत होते, जीव कंटाळला होता, आणि पुढच्या वर्षीच्या निवडणुकीला पक्षाला उमेदवार म्हणून त्या तिसऱ्यांदा हव्या होत्या.

"प्रसीता, तुला मीच नेलं होतं ना पहिलीला? याच पायरीवरून?"

"हो तर. आई नको म्हणत होती. तुम्ही छत्री दिलीत, आणि मी निघाले की तुमच्या मागे."

टीचरनी पिशवीतून नवी छत्री काढली. फुलाफुलांची. प्रसीताची पाच वर्षांची अम्मू दाराआडून पुढे सरकली.

प्रसीताने छत्री अलगद परत पिशवीत ठेवली. "मत मागा टीचर, लगेच देते. सासूबाईंचंही देते. पोरगी मागू नका."

"का गं? आपली शाळा इतकी वाईट आहे?"

"ते मला काय ठाऊक? तुमची नात ज्या पिवळ्या बसने शहरातल्या शाळेत जाते ना, त्याच बसमध्ये मी हिचंही नाव घातलंय."

शिजिना खाली बघत चपला शोधू लागली. नातीचं नाव त्या शाळेत सुनेने घातलं होतं, पण टीचर तेव्हा गप्प बसल्या होत्या. त्यांना आपलीच लाज वाटली. चहा कसाबसा संपवून त्या उठल्या.

फाटकाशी आल्या तोच पक्षाच्या सेक्रेटरींचा फोन.

"टीचर, आत्तापासूनच घरोघर फिरताय म्हणे? शाबास. लोक काय म्हणतात?"

"सगळी मतं आपलीच आहेत," टीचर म्हणाल्या. "माझं नाव तेवढं काढून टाका."