पुढं कोरी हाय

गाडीचं मागचं दार उघडलं की कण्हायचं, तापानं फणफणलेल्या माणसासारखं. गॅरेजवाला आत्माराम म्हणाला, आधी त्याला तेल देतो. पण शिवाला घाई होती.

"दाराचं राहू दे. तेवढा टेप मोठा वाजेल असा कर. आयेला ऐकू येत नाय."

आये, म्हणजे शिवाची आई गोदूबाई, मागच्या सीटवर बसली होती. आत्मारामनं तिच्या कानाशी तोंड नेऊन, घसा ताणून विचारलं, आजी, बाहेर सावलीत बसता का? म्हातारी ढिम्म. शिवा ओशाळून हसला. नाटे गावापासून इथं हातखंब्यापर्यंत आपण एकटेच बडबडत आलो, म्हणाला.

गाडी जपानी. शिवाचा थोरला भाऊ हरिश्चंद्र बोटीवर कामाला होता. मागच्या सुट्टीत त्यानं ती मुंबईहून आणली आणि परत गेला, तो पुन्हा आलाच नव्हता. कॅसेटी मात्र यायच्या. पत्र लिहिण्याऐवजी तो बोलून पाठवायचा. गाडीतल्या टेपवर हरीचं बोलणं नीट कळत नाही, म्हणून आयेनं आवाज वाढवणाऱ्या ॲम्प्लिफायरचा हट्ट धरला होता. आणि हट्ट धरला की ती जेवत नसे.

आता कंपनीच्या टेपला ॲम्प्लिफायर जोडायला वेगळी सोय कुठली असायला! आत्मारामनं जपान्यांचा उद्धार करत डॅशबोर्ड खोलला, स्पीकरच्या वायरी तोडून ॲम्प्लिफायरकडे वळवल्या, करंट थेट बॅटरीवरून घेतला. अर्थिंगसाठी सीटखालचा रंग खरवडून पत्रा उघडा केला. तिथं हयगय झाली की इंजिनाची शिट्टी स्पीकरमधून येते, आणि मग गिऱ्हाईक आत्मारामचा उद्धार करतं. सगळं आवळून झाल्यावर त्यानं शिवाजवळची कॅसेट आत सरकवली.

"आये, मी खुशाल हाय." आवाज गाडीभर घुमला. "तू गोळ्या घेतेस ना?"

"घेतंय रे," गोदूबाई म्हणाली.

"मग बरां."

आत्मारामचा हात बटणावर तसाच राहिला. कॅसेटमधला माणूस म्हातारीच्या उत्तरासाठी थांबत होता, आणि बरोबर तेवढाच थांबत होता. भर दुपारी त्याच्या अंगावर काटा आला.

तेवढ्यात त्या बोलण्यामागे काहीतरी कण्हलं. आत्मारामनं सवयीनं मागं पाहिलं. दार बंद होतं. कण्हलं होतं ते कॅसेटमधलं दार.

हेच दार.

बोलणं संपताच शिवानं झटकन टेप बंद केला. "पुढं कोरी हाय," म्हणाला, आणि आत्मारामला हाताला धरून गॅरेजमागे घेऊन गेला.

तिथं सगळं बाहेर पडलं. हरीची बोट बुडाली होती. प्रेतसुद्धा मिळालं नव्हतं. तार शिवाच्या हाती पडली आणि त्यानं ती चुलीत घातली, कारण डॉक्टरनं आयेच्या छातीचं आधीच सांगून ठेवलं होतं. दोघा भावांचा आवाज लहानपणापासून सारखाच. गाडीच्या काचा वर करून, बाजूला टेपरेकॉर्डर ठेवून शिवा हरी व्हायचा. उकडलं की मध्येच दार उघडायचा.

"तिला कळलां तर ती जगायची नाय, आत्माराम. काय पण कर, दार ऐकू येता कामा नये."

हे सांगताना त्याचे डोळे कोरडे होते. माणूस आहे का दगड, आत्मारामच्या मनात आलं.

मागचे बारीक आवाज दाबणं काही अवघड नव्हतं. शिवा नाक्यावर चहा सांगायला गेला तसा आत्माराम गाडीत वाकला आणि त्यानं ॲम्प्लिफायरचं बटण हळूहळू उतरवलं. म्हातारीकडे त्याला बघवेना.

"काय नशीब तरी एकेकाचं," तो पुटपुटला, स्वतःलाही जेमतेम ऐकू येईल असं.

"व्हय रे बाबा," मागून आवाज आला.

तो वळला. गोदूबाई त्याच्याकडेच बघत होती.

"तां बटण परत वर कर," ती म्हणाली. "हरी गेला तां मला पहिल्याच कॅसेटीत कळलां. आईस हाय मी त्याची." तिनं टेपकडे बोट केलं. "पुढं लाव."

आत्मारामनं लावला. पुढं कोरं नव्हतं. खरखरीच्या तळाशी कुणीतरी हुंदके गिळत होतं.

"शिवा माझ्यासमोर एकदा पण रडला नाय," गोदूबाई म्हणाली. "बोलून झालां की टेप बंद करायचा इसारतो, नि हितं रडतो. ह्याच्यासाठीच तर मोठा आवाज मागितला मी."