बाळंतपण माहेरी

पाळण्यावरच्या छताला पडलेली भेग रेवतीने गुप्तेकाकांना दाखवली. सोसायटीचे सेक्रेटरी, तिला वडिलांच्या जागी.

“नुसतं प्लास्टर सुटलंय गं. उद्या ऑडिटच्या इंजिनियरला दाखवलंस, तर बिल्डिंग खाली करायला लावेल. तान्ह्या बाळाला घेऊन कुठे जाशील? लेकीसारखी तू, तुला खोटं सांगेन?”

दुसऱ्या दिवशी इंजिनियर आला, तेव्हा “बाळ झोपलंय” म्हणत तिने त्या खोलीचं दार उघडलंच नाही.

संध्याकाळी बाळाला कडेवर घेऊन ती काकांकडे गेली. काकू गरोदर लेकीसाठी डिंक तळत होत्या.

“जान्हवीताईला बाळंतपणाला कधी आणताय, काकू?”

“इथे कुठली आणतेय! माझ्या बहिणीकडे ठेवलंय तिला. हे म्हणाले, आपल्या छताचा भरवसा नाही, खाली बाळ-बाळंतीण नको.”

बोलता बोलता काकूंची नजर बाळावर गेली. तिथून ती रेवतीच्या डोळ्यांपर्यंत काही आली नाही.