आरपारचा वारा

स्क्रीनवर पुन्हा लाल ओळी उमटल्या, तेव्हा रेल्यानं शिवीसुद्धा दिली नाही. शिव्या कालच संपल्या होत्या.

नोकरी सुटल्यावर उरल्यासुरल्या उमेदीनं त्यानं हा कॉम्प्युटर स्वतःच्या हातानं जोडला होता, आणि तो भर कामात बंद पडत होता. दोष मेमरीत आहे, एवढं तपासणीत कळलं होतं. का आहे, ते कळत नव्हतं. रॅमच्या दोन्ही पट्ट्या त्यानं काढून, पुसून बसवल्या, जागा बदलल्या, एकेक लावून पाहिली, वेग उतरवला. कधी तपासणी स्वच्छ पार पडायची, कधी अर्ध्यातच लाल. दुखण्याला काही धरबंध असेल तर औषध देता येतं.

आज दोन वाजता व्हिएन्नातल्या एका वास्तुरचनेच्या कंपनीची माणसं नोकरीवर घेण्याआधी त्याला व्हिडिओ कॉलवर काम करताना बघणार होती, त्याच्याच घरी, त्याच्याच मशीनवर. परवा त्यांच्यासमोरच मशीननं मान टाकली होती. त्यांनी सभ्यपणे आणखी एक संधी दिली, आणि तितक्याच सभ्यपणे सांगितलं की ही शेवटची.

"खाऊन घे आधी," आई दारातून म्हणाली. "तू उपाशी राहिलास म्हणून ते काय सुधारणारेय?"

"भूक नाही."

"अनवाणी बसलायस वर. फरशी बघ कशी गार आहे."

सर्बियातल्या क्रुशेवात्समध्ये जुलै तापला होता आणि त्या फरशीखेरीज घरात काहीही गार नव्हतं. पण आईशी, देसांकाशी, वाद घालायचं त्राण रेल्यात उरलं नव्हतं. त्यानं मुकाट्यानं चपला घातल्या.

देसांका मिरच्या आणायला बाजारात गेली. ती जिना उतरल्याची खात्री करून त्यानं सिगारेट पेटवली, आणि वास राहू नये म्हणून खोलीची खिडकी आणि समोरचं स्वयंपाकघराच्या गॅलरीचं दार, दोन्ही सताड उघडली. आरपारच्या वाऱ्यानं माणूस दगावतो, असं सर्बियात घरोघरी मानतात, पण या घरात तर ही दोन्ही एकाच वेळी उघडायची कुणाचीच छाती नव्हती. घामेजल्या अंगानं अशाच आरपारच्या वाऱ्यात बसल्यामुळंच त्याच्या बापाच्या अंगावरून वारं गेलं, असं देसांकाचं ठाम मत होतं. डॉक्टर रक्तदाब म्हणाले होते. डॉक्टरांचं काय जातंय, ते थोडेच त्या दिवशी घरात होते. बाप गेला त्या महिन्यातच तिनं घरातला पंखासुद्धा देऊन टाकला.

सिगारेट ओढता ओढता रेल्यानं तपासणी पुन्हा लावली. एकही लाल ओळ आली नाही. त्यानं परत लावली. तीही स्वच्छ.

तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली.

"दोन्ही उघडी? मरायचंय का तुला?" देसांकानं मिरच्यांची पिशवी तिथंच टाकली आणि आधी दार, मग खिडकी, धाडधाड लावून घेतली. सिगारेटबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. वाऱ्यापुढं सिगारेट काय चीज.

थोड्या वेळानं स्क्रीन लाल झाली.

रेल्यानं कॉम्प्युटरचं झाकण काढलं आणि रॅमच्या पट्टीला बोट लावलं. चटकाच बसला. झाकण तसंच उघडं ठेवून त्यानं पुन्हा पाहिलं, पण कोंडलेल्या खोलीतली हवाच तापलेली, ती कुणाला गार करणार? औषध सापडलं होतं, आरपारचा वारा, पण आईकडं तो मागायचं तोंड नव्हतं.

"सापडलं काही?" आईनं विचारलं.

"नाही. सैल असेल काहीतरी."

देसांकाला त्या पेटीतलं काही कळत नव्हतं. पोराचं तोंड मात्र वाचता येत होतं.

"मी आले तेव्हा बरा दिसत होतास," ती म्हणाली. "खिडकी लावली आणि चेहरा उतरला तुझा."

रेल्यानं पेटीतल्या पट्टीला पुन्हा बोट लावलं आणि झटकन मागं घेतलं.

"उकडतंय का त्याला?"

"राहू दे ना, आई. दुसरं काम बघीन."

"कुठं? इथं?"

दोन वाजत आले होते. देसांका खिडकीशी गेली. कडीवर तिचा हात जरा थांबला, मग तिनं खिडकी उघडली. स्वयंपाकघरात जाऊन गॅलरीचं दारही उघडलं. पडदा फुगून आत आला. ती वाऱ्याची वाट सोडून भिंतीला चिकटून उभी राहिली, तेव्हा रेल्याला दिसलं की ती खरोखरच भ्यालेली आहे. इतकी वर्षं त्यानं मित्रांत तिच्या नकला करून थट्टा केली होती.

स्क्रीनवर दोन चेहरे आले. एक ऑस्ट्रियन तरुण, आणि शेजारी मिलिचेविच अशा सर्बियन आडनावाच्या पोक्त बाई. रेल्यानं माउस हातात घेतला, तोच मागून दोन हात आले आणि त्याच्या गळ्याभोवती लोकरीचा मफलर गुंडाळू लागले. दोन वेढे, वर गाठ. त्यानं तो काढला नाही.

तरुण गोंधळून हसला. "तब्येत बरी नाही का तुमची? दुसऱ्या दिवशी ठेवू या?"

"बरी आहे," रेल्या म्हणाला. "आईनं खिडकी उघडलीय."

तरुणाला काही उमजलं नाही. बाईंनी मात्र हातातला कागद खाली ठेवला.

"समोरचं दारही?" त्यांनी सर्बियनमध्ये विचारलं.

"हो."

"मग बोलण्यात वेळ घालवू नका," त्या म्हणाल्या. "सुरू करा."