बागेचं गाऱ्हाणं

नितेशने कातळावर नारळ ठेवला, त्याची शेंडी नीट वर केली आणि म्हणाला, "काका, चपला काढा. आता अटी सांगतो."

"अटी कागदावर होत्या ना?" महिपतने विचारलं.

"कागदावर सही करून माणसं मागनं फिरतात. गाऱ्हाण्याला व्हय म्हटल्यावर कोण फिरत नाय."

हा शोध नितेशने अनुभवातून लावला होता. दापोलीचा बागकामाचा डिप्लोमा, टेम्पोवर इंग्रजीत नाव, गणपतीपुळ्याला एका रिसॉर्टची हिरवळ, आणि गिऱ्हाइकाच्या अपेक्षा आवरायला जागेचा राखणदार देव. जमिनीत पहार घालण्याआधी राखणदाराला नारळ देऊन गाऱ्हाणं घालायचं, ही इकडची जुनीच रीत. नितेशने तिच्यात करारातली बारीक अक्षरं तेवढी घातली होती. कोर्टाची पायरी आनंदाने चढणारी माणसंही राखणदाराच्या वाटेला जात नाहीत.

महिपतने चपला काढल्या. कातळ तापलेला आहे, हे त्याला जरा उशिरानेच कळलं.

बाग शमिकाने ठरवली होती. लेक ठाण्याला असते. आई दोन वर्षं अंथरुणात, खिडकीतून दिसतो तो नुसता काळा कातळ, तिच्या नजरेसमोर काहीतरी हिरवं हवं, असं ती म्हणाली. महिपत म्हणाला, बरं. दोन वर्षांत तो बहुतेक गोष्टींना बरंच म्हणत आला होता. मालन खिडकीतून बघते की तिचं तोंड नुसतं तिकडे असतं, हे डॉक्टरांनाही नक्की सांगता आलेलं नव्हतं.

शमिका आत्ता व्हिडिओ कॉलवर होती. फोन पालथ्या घमेल्यावर टेकवून ठेवला होता. वाडीत रेंज यथातथाच, त्यामुळे तिचे ओठ आधी हलायचे आणि शब्द मागून यायचे.

"बाबा, मी पण व्हय म्हणणार हां."

"म्हण."

नितेशने हात जोडले. त्याचा आवाज एकदम त्याच्या आजोबांसारखा झाला.

"हे बा राखणदारा महाराजा! आज ह्या जागेत मालक आपल्या मालकिणीसाठी बाग करतायत. नारळ ठेवलाय, तो मान्य करून घे!"

"व्हय महाराजा!" नितेशचे दोन गडी म्हणाले. महिपतही म्हणाला. सगळ्यांच्या मागून फोन म्हणाला.

"कातळावर माती पडणार ती दीड फूट. पावसात वाहून गेली तर ती तुझी मर्जी. ठेकेदाराकडे बोट नको!"

"व्हय महाराजा!"

"हिरवळ फोटोतल्यासारखी राहील असं कोण बोललेला नाय. चैतात पिवळी पडली तर मालकाने समजून घ्यावं!"

"व्हय महाराजा!"

"वानर येतील, जास्वंदीच्या कळ्या खातील. लाईट जाईल, कारंजं थांबेल. त्याचा फोन रात्री-अपरात्री ठेकेदाराला येऊ नये!"

"व्हय महाराजा!" हे गडी जरा जास्तच मनापासून म्हणाले.

नितेशने नारळाची शेंडी पुन्हा सरळ केली. मग खाली बघून म्हणाला, "आणि बाग बघून मालकीण उठून बसतील, असं आम्ही सांगितलेलं नाय."

"व्हय महाराजा," महिपत म्हणाला. वानरांना लावलेल्या सुरातच.

फोन गप्प राहिला. शमिकाचं तोंड अर्धं उघडं तसंच थिजलं होतं. रेंज गेली असावी, असं सगळेच धरून चालले.

गेल्या आठवड्यात थोरली वहिनी मालनला बघून गेली. निघताना ओटीवर पदर सावरत ती म्हणाली होती, "देवानं आता सोडवावं हिला, भावजी." महिपतने मान हलवली होती. ती कशासाठी हलली, हे त्याने स्वतःला अजून विचारलं नव्हतं. त्यानंतर त्याने मालनला पेज भरवली होती, कूस बदलून दिली होती, चादर धुवून वाळत घातली होती. सगळं रोजच्यासारखं.

"आणि शेवटचं," नितेशने पुन्हा सूर लावला. "मालकाच्या मनात जी काय इच्छा असेल, जी त्याने कुणाकडे बोलून दाखवली नसेल, ती तू जाणतोस. ती पुरी कर रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" गडी म्हणाले.

महिपतने खिडकीकडे बघितलं. मालनचं तोंड इकडेच होतं.

"तेवढं काढ," तो म्हणाला.

"काय काढू?"

"शेवटचं. ते नको."

"काका, ती अट नाय. ते मी सगळ्यांसाठीच मागतो." नितेश हसला. "त्याचं वेगळं काय लावत नाय."

"नको म्हटलं ना तुला."

नितेशचं हसू गेलं. तो कातळावरच्या नारळाकडे बघत राहिला. घातलेलं गाऱ्हाणं परत कसं घ्यायचं, हे आजोबांनी त्याला शिकवलेलं नव्हतं. गडी एकमेकांकडे बघायला लागले. महिपतचे जोडलेले हात तसेच होते, सोडायचे राहून गेल्यासारखे.

तेवढ्यात घमेल्यावरच्या फोनला रेंज आली.

"व्हय महाराजा!" शमिका ठाण्याहून म्हणाली.