जास्तीत जास्त सर्दी

"कोणी मरत नाही ना यात?" मामाने दाताने दोरा तोडत विचारलं.

"मामा, शेवटचं प्रकरण आलं. आता कोण मरणार?"

"शेवटीच तर मरतात."

"या गोष्टींत नाही मरत. जास्तीत जास्त सर्दी होते."

भाची शिंप्याच्या दुकानातल्या कापड कापायच्या टेबलावर मांडी ठोकून बसली होती. मास्तर असताना त्या टेबलाला हात लावायची कुणाची छाती नव्हती. पण मास्तर कापणार आणि मामा शिवणार ही जोडी फुटली होती. मास्तरला त्याच्या लेकाने दूर आपल्या गावी नेलं होतं. तेव्हापासून टेबल रिकामं, आणि शाळा सुटली की आई न्यायला येईपर्यंत भाचीचं राज्य.

मोबाईलवर चिनी कादंबरी असायची, इंग्रजीत आलेली. भाची ती वाचता वाचता मराठीत सांगायची. एक सेनापती, एक वैद्य. लढाई एकच, तीही पहिल्या पानाआधी संपलेली. पुढे सगळा मामला असा, की सेनापतीला काडीचंही दुखत नसतं तरी तो नाडी दाखवायला येतो, आणि वैद्याला ते पक्कं ठाऊक असतं तरी तो काढा देतो, मुद्दाम कडू.

सुरुवातीला तिने थाप मारली होती, दोघं जिवलग मित्र आहेत म्हणून. मामाने निमूटपणे ऐकून घेतलं. मग एकदा सुईत दोरा ओवता ओवता म्हणाला, "मित्र काय नाडी बघायला इतका वेळ लावतात होय?" भाचीचे कान लाल झाले. तिथून पुढे लपवाछपवी बंद.

"वाच पुढे," मामा म्हणाला. त्याच्या मांडीवर जुना कोट होता. एका बाईंच्या मुलाला बाह्या आखूड झालेल्या, संध्याकाळी लांब करून हव्या होत्या. कोट मास्तरनेच कापलेला, त्यामुळे आत दोन बोटं जास्तीचं कापड असणारच. पोरं वाढतात, म्हणायचा मास्तर.

भाची वाचू लागली. वैद्याला शिंक आली. सेनापतीला ते कळलं, आणि भर दरबारातून उठून त्याने घोडा पिटाळला.

"सेनापती म्हणाला, जेवलास? वैद्य म्हणाला, एवढं विचारायला आलास? सेनापती म्हणाला, हो."

"मग?"

"मग काय, दोघं जेवतात. संपली."

"एवढंच?"

"एवढंच. तीच तर गंमत आहे, मामा. बाहेर काही ना काही होतच असतं. इथे काही म्हणजे काही होत नाही."

"तेवढं परत वाच."

तिने परत वाचलं. मामाने दुसरी बाही उसवली. दुमडीच्या आत खडूची पांढरी फुली होती. कापड जिथे सुईखाली सरकायचं, तिथे मास्तर ती काढायचा, मामासाठी. तोंडाने कधी सांगायचा नाही. मामाने फुलीवरून बोट फिरवायला नेलं आणि मधेच थांबवलं. खडूच तो, पुसायचा.

"मामा, मास्तरकाकांना फोन कर ना."

"कशाला?"

"असाच."

"काही काम नसताना काय बोलायचं माणसाने?"

भाचीच्या हातातल्या पडद्यावर उत्तर तसंच उजळून होतं. एरवी तिची जीभ कात्रीच्या वरताण चालायची. आज तिने मोबाईल नुसता उलटा ठेवला.

मामाने फुली पुन्हा आत दुमडली आणि लांबलांब, हलके टाके घातले. इस्त्री तापली होती. पाठ, कॉलर, एक बाही, सगळं कडक बसवलं. दुसऱ्या बाहीशी येऊन इस्त्री थबकली. गरम वाफेपुढे खडू टिकत नाही.

बाई आल्या. कोट उलटासुलटा करून पाहत म्हणाल्या, "ही बाही राहिली वाटतं इस्त्रीची?"

"राहू द्या. अंगावर बसेल."

बाई 'बरं' म्हणाल्या आणि कोट हातावर टाकून निघाल्या. कोपऱ्यावर वळेपर्यंत ती चुरगळलेली बाही दिसत होती.

"मास्तरला सर्दी फार लवकर होते," मामा म्हणाला, आणि इस्त्रीची पिन काढली.