साहेबाचा कुत्रा

गोरा साहेब विलायतेला निघाला, तेव्हा धुळ्याच्या लीलाधर वकिलाने त्याच्या तीन कुत्र्यांतून अल्सेशियन निवडला. केसाळ कुत्रा त्याला लाडावलेला वाटला, शिकारी कुत्रा खेडवळ. वकिलाच्या बंगल्याला शोभेल असा हाच.

दिवाळीआधी वकिलाचे वडील, गिरधरआबा, पारोळ्याहून आले. फाटकातून आत पाऊल टाकतात तोच कुत्रा अंगावर धावला. धोतर टरकावलं, पोटरीत दात रुतवले. लीलाधरने धावत येऊन त्याला आवरलं आणि तो हसला.

"आबा, त्याची चूक नाही. साहेबाने शिकवलंय त्याला, धोतरवाला आत येऊ द्यायचा नाही. पुढच्या वेळी पाटलोण घालून या."

रक्त टाचेपर्यंत ओघळलं होतं. पण आबांचं मस्तक फिरलं ते त्या हसण्याने.

"तुले हाई पहिलेपासून मालूम व्हतं?"

"हो. म्हणून तर हाच घेतला. सोम्यागोम्यांची ये-जा थांबली."

आबांनी फाटलेला सोगा जखमेवर करकचून बांधला आणि ते फाटकाकडे वळले.

"कुत्रा तू बराबर निवडा, लीलाधर. त्याले सायेबनी शिकाडं, तुले मी शिकाडं. त्यानी तरी शिकाडेल ध्यानमा ठेवं."